रणगाड्यांचे दंतवैद्य

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगायची वेळ आली की चहा मागवायचा, विषय बदलायचा. आमच्या रविवारच्या मंडळींत अजूनही डॉक्टरांची आठवण निघते. कुणीतरी म्हणतं, "शेवटी शेवटी हात गेले होते बिचाऱ्यांचे." आणि मी मान डोलावतो. ते मान डोलावणं आता पुरे झालं.

डॉक्टर म्हटलं की मला आधी त्यांचे मिटलेले डोळे दिसतात. रिमोटवर चालणारा हातभर लांबीचा रणगाडा पालथा करायचा, पोट उघडून गिअरबॉक्स बाहेर काढायचा आणि डोळे मिटून त्याचा दांडा दोन बोटांत हळूहळू फिरवायचा. "इथे अडतंय," म्हणायचे. आपण फिरवून बघावं तर काहीच अडत नसे. "दम खा रे, मेल्या. बोटांना जरा वेळ दे."

डॉक्टर दातांचे. मूळ मालवणकडचे, मुलुंडच्या बाजारात दवाखाना, आणि राहायला आमच्याच सोसायटीत, माझ्या डोक्यावर दोन मजले. आवाज असा की ते जिना चढताना कुणाशी काय बोलतायत ते सगळ्या इमारतीला कळावं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याशी मैत्री करायची की नाही हे आपण ठरवत नाही, तेच ठरवून टाकतात.

बायको गेली त्या वर्षी मी कवळी बसवायला त्यांच्याकडे गेलो. माप घ्यायचा मसाला माझ्या तोंडात भरून त्यांनी गप्पा सुरू केल्या.

"बँक सुटली. आता दिवसभर काय करतोस?"

मी नुसता हात हलवला.

"काही नाही? टीव्ही?"

मी मान हलवली.

"तोही नाही? मग भिंतीकडे बघत बसतोस की काय?"

या वेळी मी नकाराची मान हलवली नाही. मसाला काढल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, की नातू सुट्टीत आला होता, तो एक खेळण्यातला रणगाडा मागे ठेवून गेलाय, पण तो सरळ चालतच नाही, सारखा डावीकडे वळतो.

"मग घेऊन ये ना!"

"इथे? दवाखान्यात?"

"नाहीतर काय केईएममध्ये नेणार?"

तिथून सुरुवात झाली. दुपारी दवाखाना बंद असताना आम्ही दोघं त्या पेशंटच्या दिव्याखाली बसायचो. दात कोरायच्या हत्यारांनी ते गिअरमधली घाण काढायचे, छोट्या आरशातून आतल्या कोपऱ्यात डोकवायचे. रणगाड्याच्या दोन पट्ट्यांना दोन वेगळ्या मोटरी असतात, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर दोन्ही मुठींत एकेक मोटर धरून एकाच बॅटरीवर चालवायचे आणि म्हणायचे, "या जुळ्या नाहीत. एक धावते, एक लाजते. म्हणून तुझा गाडा डावीकडे जातो." मग आठ-दहा मोटरींमधून जुळी जोडी निवडायची.

नवशिका जी चूक करतो ती मीही केली. त्यांना न विचारता एक दांडगी मोटर आणून बसवली. पहिल्याच चढावर आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते साफ झडले. डॉक्टर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"म्हाताऱ्याला पैलवानाचे दंड लावलेस रे! हाडं तीच ठेवलीस! आधी दाते बदल, मग ताकद."

मग पोलादी गिअर आले. ते बसवताना दांड्यावर कागदासारखे पातळ वॉशर घालायचे. वॉशर कमी पडला तर गिअर बाजूला सरकतो, जास्त झाला तर आवळतो. नवे गिअर लगेच पळवायचे नाहीत. रणगाडा कासवासारखा उलटा स्टुलावर ठेवायचा, पट्टे हवेत मंद फिरू द्यायचे, मग पुन्हा उघडून काळं झालेलं ग्रीस पुसायचं, नवं लावायचं. त्या फिरणाऱ्या पट्ट्यांकडे बघत आम्ही कितीतरी दुपारी घालवल्या. मी पुन्हा सकाळी दाढी करायला लागलो, कारण दुपारी कुणीतरी वाट बघणार होतं. या माणसाने मला काय दिलं, हे मी यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगू शकत नाही.

शेजारचा प्लॉट रीडेव्हलपमेंटला गेला आणि तिथे रेतीचा मोठा ढीग पडला. वॉचमनला पटवून आम्ही रविवारी सकाळी त्यावर रणगाडे चढवू लागलो. बोरिवलीहून, अंधेरीहून, चेंबूरहून मंडळी यायची. डॉक्टरांचा रणगाडा तो ढीग न घसरता, न गुरगुरता चढायचा. बाकीचे मधेच रुतायचे.

एका शनिवारी लिफ्ट बंद होती. दुसऱ्या दिवशी तो जड रणगाडा पुन्हा खाली आणायला नको, म्हणून डॉक्टरांनी तो माझ्या घरी ठेवला. "सगळं तपासलंय. हात लावू नको," म्हणाले.

मी हात लावला. त्यांचा गिअरबॉक्स इतका गुळगुळीत का चालतो, ते मला बघायचं होतं. विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने दाखवलं असतं. पण मला ते आपलं आपण शोधायचं होतं, आणि उद्या माझाही गाडा त्यांच्या बरोबरीने चढायला हवा होता. उघडला, पाहिला, जसाच्या तसा बंद केला. निदान मला तसं वाटलं.

रविवारी ढिगाच्या मध्यावर आतून कर्रकन आवाज आला. एक पट्टा थांबला, दुसरा फिरत राहिला, आणि डॉक्टरांचा रणगाडा जागच्या जागी गिरकी घेऊन उलटा होत खाली आला.

"डॉक्टर, रूट कॅनल करा आता!" अंधेरीवाला ओरडला. सगळे हसले. डॉक्टरही हसले. तिथेच वर्तमानपत्र पसरून त्यांनी गिअरबॉक्स उघडला. एका दांड्यावर वॉशर नव्हता.

"घालायला विसरलो," ते म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो.

घरी येताना जिन्यात ते थांबले. पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलले. "विसरलो ते ठीक रे. पण दांडा मी फिरवून पाहिला होता. बोटांना कळायला हवं होतं. मला काहीच कळलं नाही."

वॉशर मला दुपारी सापडला. टेबलावरच्या फडक्यात, ग्रीसला चिकटलेला. मी तो घेऊन वर गेलो, त्यांच्या दारापर्यंत. आतून त्यांचा आवाज येत नव्हता. मी बेल न वाजवता परत आलो. उद्या सांगू म्हटलं.

त्या आठवड्यात त्यांनी नवे पेशंट घेणं बंद केलं. काही दिवसांनी दवाखानाच बंद केला. मी विचारलं तर म्हणाले, "ज्या बोटांना वॉशर नसलेला कळत नाही, ती बोटं मी माणसाच्या तोंडात घालू? सुई असते हातात."

सगळे म्हणाले, बरं केलंत, या वयात आराम हवाच. त्यांच्या घरी वहिनीही खूश झाल्या. मीही स्वतःला तेच सांगत राहिलो. न सांगण्याचं खरं कारण एवढंच, की सांगितलं तर त्या दुपारी आणि ते रविवार जातील, आणि मी पुन्हा भिंतीसमोर बसेन, याची मला भीती होती.

दुपारी तर गेल्या नाहीत. डॉक्टर आता माझ्या घरी यायचे, पण हत्याराला हात लावायचे नाहीत. हाताची घडी घालून बसायचे. "तू फिरव. डोळे मीट. काय कळलं?" मी सांगायचो. "चूक. पुन्हा." असं करत करत एके दिवशी मलाही ते अडणं कळलं. किती खूश झाले! वहिनींना खाली बोलावून सांगितलं. आज मंडळी आपले गिअरबॉक्स माझ्याकडे आणतात. त्यांतलं जे काही नीट चालतं, ते सगळं डॉक्टरांचं आहे.

शेवटच्या आजारात ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी ठरवून गेलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या.

"डॉक्टर, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

ते माझ्याकडे इतक्या आपुलकीने बघत होते, की माझ्या तोंडून निघालं, "कवळी जरा सैल झाल्यासारखी वाटते."

त्यांनी सवयीने हात उचलला. माझ्या तोंडाजवळ आणला. मग तो हवेतच थांबला, आणि त्यांनी तो सावकाश चादरीखाली घेतला.

"दुसऱ्या कुणाला दाखव रे," म्हणाले. "चांगल्या हातांच्या."

दोन दिवसांनी ते गेले.

मी घरून पाठ करून गेलो होतो ते वाक्य काही कठीण नव्हतं. डॉक्टर, वॉशर तुम्ही घातला होता, तो मी पाडला. तुमचे हात अगदी चांगले होते. मला माफ करा.