बुधवारी बिघडणारं मशीन

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांची समजूत घातली नसती तर तेही झालं नसतं. त्यामुळे पदवी मिळाल्यावर मी सगळ्यांचीच आभारी होते. लालबागच्या चाळीत मला नेमणाऱ्या संस्थेची तर विशेषच. गिरणी संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. घरात मार खाणाऱ्या बायकांना मनाचा आधार द्यायचा, हे माझं काम. तो कसा द्यायचा याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी दादरला घेतलं होतं आणि वहीभर टिपणं काढली होती.

चाळीतल्या बालवाडीची खोली आम्हाला दुपारची मिळाली. मी सुवाच्य अक्षरात पाटी रंगवली: ‘अत्याचारपीडित महिलांसाठी मनोसामाजिक आधार केंद्र. दर बुधवारी तीन ते पाच.’ महिनाभरात दोनच माणसं आली. एक आजी, दुधाची पावडर मिळते का विचारायला. आणि एक गृहस्थ, कोण कोण आलंय ते बघायला.

शेजारी एक मालवणी मावशी खाणावळ चालवायच्या. जेवायला येणारे निम्मे कामगार संपामुळे गावी गेले होते, मावशींचा आवाज मात्र पूर्ण शिल्लक होता.

“अगो चेडवा,” त्या म्हणाल्या, “ह्या दारातून जी आत गेली ती नवऱ्याचो मार खाता, असो बोर्डच लावलंस तू! कोण येतली?”

पाटी त्यांनीच उतरवली. त्या जागी खडूनं ‘शिवणवर्ग’ लिहिलं गेलं. मशीन होतं. कुणीतरी संस्थेला दान दिलेलं. चालत नव्हतं म्हणूनच दिलेलं.

पुढच्या बुधवारी नऊ बायका आल्या. मावशींनी मापाची टेप बाहेरून दाराच्या कडीला लटकवली. आत बायकांची मापं घेणं चालू असताना कुठलाही पुरुष दार ढकलत नाही, हा चाळीचा नियम. माझ्या वहीत गोपनीयतेवर चार पानं होती, त्यांत टेपचा उल्लेख नव्हता. ऐकून घ्यावं, सल्ला देऊ नये, असं मला शिकवलेलं. इथे आठ जणी एकदम सल्ला द्यायच्या, नववी रडायची आणि कुणीतरी तिच्या डोक्याला तेल घालायचं. मी वहीत लिहिलं, ‘गटचर्चा.’

तिसऱ्या मजल्यावरची एक वहिनी मात्र गप्प असायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नवऱ्यानं पिरगळली होती, ती वाकडीच राहिली. नवरा गिरणीत फिटर. संपामुळे पुरुष खचतो आणि हात उचलतो, हे प्रशिक्षणात सांगितलेलं मी तिला समजावून दिलं.

“आणि गिरण चालू होती,” मावशी म्हणाल्या, “तेव्हा काय तो हिका ओवाळी होतो?”

वहिनीच्या खोलीतून आदळआपट ऐकू आली की शेजारणी वाटी घेऊन दारात जायच्या. “वहिनी, विरजण आहे का गं?” दारात कुणी उभं असलं की त्याचा हात खाली यायचा. संपात त्या घरी दूधच येत नव्हतं, तर विरजण कुठलं! पण एकेका दुपारी पाच-पाच वाट्या दारात यायच्या, आणि तोही दर वेळी “नाही हो” असं नम्रपणे सांगायचा.

चौथ्या बुधवारी वहिनी बोलली. तिला मुलीला घेऊन भावाकडे कॉटन ग्रीनला जायचं होतं, कायमचं. पण मुलीचा जन्मदाखला, शाळेचं प्रगतिपुस्तक, स्वतःच्या बोटांचा इस्पितळातला कागद, सगळं नवऱ्याच्या ट्रंकेत. एकदम नाहीसं झालं तर तो ओळखणार. म्हणून जमेल त्या बुधवारी शिवणाच्या पिशवीतून एकच कागद आणायचा आणि आमच्या कपाटात ठेवायचा, असं ठरलं.

जन्मदाखला आला त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून बाई आल्या. शिवणवर्ग बघून त्यांना भरून आलं.

“परकर किती झाले?”

त्यांच्या नव्या तक्त्यात परकरांचा रकाना होता. मला शरम वाटली. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांच्या तक्त्यात शून्य! मी जिन्यात उभी राहून मोठ्यानं विचारलं, “मशीन दुरुस्त करता येतं का कुणाला?”

संपकरी गिरणी कामगारांच्या चाळीत हे विचारायचं! तिन्ही मजल्यांवरून माणसं उतरली. सगळ्यांत आधी पोचला तो वहिनीचा नवरा, हत्यारांची पेटी घेऊन.

“मॅडम, आधी नाही का सांगायचं!” दहा मिनिटांत मशीन चालू. हात पुसत तो म्हणाला, “आमच्या हिला नीट शिकवा हां. हात चालत नाही तिचा. आता दर बुधवारी येऊन बघणार मी, काय शिवलंय ते.”

इतका सभ्य माणूस मी त्या चाळीत दुसरा पाहिला नव्हता.

तो गेल्यावर मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “तुका कोणी सांगितलान मशीन चालू करूक?” वहिनीचे दोन कागद अजून ट्रंकेत होते.

पुढच्या बुधवारी तो आला तेव्हा मशीन बंद होतं. बॉबिनची डबी मावशींच्या कनवटीला होती. त्यानं मशीन उचलून गॅलरीत नेलं, सगळं खोलून वर्तमानपत्रावर मांडलं आणि दोन तास रमला. संप सुरू झाल्यापासून त्याला इतकं खूश कुणी पाहिलं नव्हतं. दाराला टेप लटकत होती आणि आत त्याची बायको त्याच्याबद्दल बोलत होती. बाहेरच्या ठोकाठोकीत एक शब्द ऐकू जात नव्हता.

मग मशीन दर बुधवारी बिघडलं. सुई वाकली, पट्टा तुटला, खोबरेल सांडलं. बिघाडाच्या पाळ्या लागल्या. माझ्या पाळीला मी आत दोरा गुंडाळला आणि मनात गुरुजींची क्षमा मागितली.

“बायकांच्या हातात मशीन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत,” तो मला कौतुकानं म्हणायचा.

इस्पितळातला कागद आला तो शेवटचा बुधवार. दोन खोल्या एक करून ती बालवाडी केलेली, त्यामुळे दुसरं दार मागच्या जिन्यावर उघडायचं. मावशींची सून मुलीला शाळेतून परस्पर जिन्याखाली घेऊन आली. वहिनीनं कपाटातले कागद पिशवीत घातले. मावशींनी वर भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि तिला दाराबाहेर ढकललंच. बाकीच्याही मागच्याच दारानं एकेक करून पांगल्या. मी खोलीत एकटी उरले.

पाचाला तो मशीन घेऊन आत आला. “कुठाय ही?”

“दादरला गेल्यात. दोरा आणायला.” आयुष्यातलं माझं ते पहिलं खोटं, आणि अगदीच कच्चं.

त्यानं उघडं कपाट पाहिलं, मागचं उघडं दार पाहिलं. मशीन टेबलावर अलगद ठेवलं, धक्का लागू न देता. मग माझ्यावर हात उगारला.

“बाई, विरजण आहे का हो?”

दारात वाटी होती. तिच्यामागे दुसरी, तिसरी. गॅलरी भरली. मावशी तर खाणावळीचं पातेलंच घेऊन आल्या होत्या. त्याचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग खाली आला. हत्यारांची पेटी गॅलरीतच टाकून, वाट्यांमधून वाट काढत तो निघून गेला.

महिनाअखेर कार्यालयाचं पत्र आलं: मशीन वारंवार का बिघडते आणि परकर शून्य का, याचा लेखी खुलासा करावा. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘यंत्र जुने आहे.’ त्याच दिवशी कॉटन ग्रीनहून निरोप आला होता, मुलीला तिथल्या शाळेत घेतलं म्हणून. तो निरोप सोबतच्या तक्त्यात कुठे लिहावा ते कळेना. शेवटी कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला.