शेवटचं प्रकरण नर्सबाईंनी वाचलं नाही

ज्या माणसाशी तुम्ही बोलणं टाकलंय, त्याच्यासाठी कधी एखादी कादंबरी निवडली आहे का?

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत थळ या किनाऱ्यावरच्या गावातल्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सबाई माणूस बघून कादंबरी निवडायच्या. त्यांच्या पिशवीत घर, प्रेम आणि श्रद्धेच्या ख्रिस्ती गोष्टी असत. "यातला बाप तुमच्यासारखाच तापट आहे, भाऊ," म्हणत त्या माझ्या हातातल्या मोर्चाच्या पत्रकांवर पुस्तक ठेवायच्या. अन्याय झाला की त्यातली माणसं प्रार्थनेला गुडघे टेकतात, याचा मला संताप यायचा. तरी मी वाचायचो.

दुपारी त्या किनाऱ्यावर मोठ्याने वाचायच्या. वाळत घातलेल्या बोंबलांमधून ऊन झिरपायचं, समुद्र झोपेत असल्यासारखा हलायचा, कोळणींचे हात मंदावायचे. त्यांतल्या एकीनं आपलं न ऐकता लग्न केलेल्या लेकीला घर बंद केलं होतं. एकदा गोष्टीतल्या लेकीनं आईचं दार वाजवलं आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

"मंग? आयशीनं दार उघाडलं का न्हाय?" त्या कोळणीनं विचारलं.

"तुम्ही उघडाल का, मावशी? तुमची लेक होडीमागे उभी आहे."

"लई लबाड हाईस गो, बाय!"

मावशी होडीकडे वळली. मग तिनं लेकीला हाक मारली आणि हातात एक बोंबील दिला. लेकीनं नेहमीप्रमाणे त्याच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवला आणि ती जोडी वाळायला दोरीवर टाकली.

प्रार्थनेवर माझा अजूनही विश्वास नाही. तरी सांगतो, अशी एखादी कादंबरी आज घरी न्या, रुसलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि गोष्टीतलं दार वाजलं की पुस्तक मिटा.