मावशींच्या मानेवरचं जोखड

मुलींच्या वसतिगृहाच्या दारावर मावशींनी एकोणीस वर्षं काढली. पुरुषांपैकी फक्त बाप आणि भाऊ यांनाच भेटता येई, तेही रविवारी चार ते सहा, खालच्या खोलीत. त्यामुळे एकेकीला पाच-पाच मामेभाऊ फुटायचे. मावशी दरडावून चौकशी करायच्या आणि हसू दाबत वहीत 'मामेभाऊ' लिहायच्या.

पण एकदा तापाने फणफणलेल्या मुलीचा बाप जिन्याशी हात जोडून उभा राहिला आणि त्यांनी त्याला वर सोडलं नाही. मुलगी बरी झाली, तरी ते मावशींच्या जिवाला लागून राहिलं.

यंदा विद्यापीठाने नियम बदलला. दिवसा कुणीही वर जावं, फक्त वहीत सही करावी. हे सांगताना रेक्टरबाई चाचरल्या, "मावशी, वाईट नका वाटून घेऊ."

"वाईट? अहो, मानेवरचं जोखड उतरलं माझ्या!"

त्याच दुपारी एकीचा भाऊ पुस्तकांसाठी फळी घेऊन आला. "खाली ठेवतो, तिला न्यायला सांगा."

"तुम्हीच न्या की वर, आणि ठोकूनही द्या."

थोड्या वेळाने वरून हातोडीचे ठोके आणि बहीणभावाचं भांडण ऐकू येऊ लागलं. मावशी खुर्चीत मागे रेलून ते मजेत ऐकत बसल्या.