कोंबड्याचा शिक्का

अदोलोराता लोसाक्कोला आपल्या आल्तामुरा गावाबाहेरचा कुठलाच पाव पाव वाटत नसे. रोमचा म्हणजे नुसता फुगा, सार्डिनियाचा म्हणजे पापड, आणि जेनोवाचे लोक तर मेले पिठावर तेल ओततात आणि त्यालाच पाव म्हणतात! पण खरी जळफळ तोस्कानावर. तिथे पावात मीठच घालत नाहीत. आणि नशीब बघा, पोराने बायको आणली ती नेमकी तिथलीच.

सून जिनेव्राला येऊन अकरा वर्षं झाली, तरी म्हातारी तिला चारचौघांत ‘आमची अळणी’च म्हणे. गावच्या भट्टीत सगळ्यांचे पाव एकत्र भाजायचे, म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर लाकडी शिक्का उठवी. लोसाक्कोंचा कोंबडा. सासूने शिक्का सुनेच्या हाती दिला की घर तिचं झालं. अदोलोराताचा कोंबडा अजून तिच्याच खिशात होता. जिनेव्राच्या पावावर जेवणाच्या काट्याचे चार टोचे असत, एखाद्या भाडेकरणीच्या पावावर असावेत तसे.

नातीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा विधी जवळ आला, तेव्हा जिनेव्राने तोंड उघडलं. “आई, लेकीच्या जेवणाचा पाव मी करते. त्यावर तरी कोंबडा उठवू द्या.”

“तू? अगं, समुद्रात बुडवून काढला तरी तुझा पाव फिकाच लागेल!” म्हातारी म्हणाली. “दोघी मळू. पंक्तीत लोकच सांगतील. माझा हरला तर शिक्का तुझा.”

शनिवारी दोघींनी एकाच ओट्यावर पीठ मळलं. मळलं कसलं, म्हातारीने तोंडाचा पट्टाच चालवला. “मीठ घातलंस का? बघ हं, तुमच्याकडे विसरतात! दाखव, दाखव!” दहादा सुनेचं पीठ चाखून पाहिलं, स्वतःचं एकदाही नाही. मग मोठ्या दिमाखात आपल्या पावावर कोंबडा दाबला आणि दोन्ही पाव भट्टीवाल्या मिंकुच्चोकडे पाठवले.

रविवारी मिंकुच्चोने स्वयंपाकघरातच पाव कापून टोपलीत फोडी आणल्या. अदोलोराताने पहिली उचलली, चावली आणि पाहुण्यांकडे वळून हात उडवले.

“घ्या! सांगितलं नव्हतं? माती बरी लागेल! आजारी माणसानेसुद्धा थुंकावी अशी फोड. अकरा वर्षं शिकवतेय या बाईला, आणि डोक्यात मिठाचा खडा म्हणून शिरत नाही!”

कुणी हसलं नाही. मिंकुच्चो चुळबुळला. “अदोलोराता मावशी, अहो... ती याची फोड आहे.” त्याने उरलेला अर्धा पाव टेबलावर ठेवला. वर कोंबड्याचं शेपूट स्पष्ट उमटलं होतं.

म्हातारीचा चेहरा पडला. पाव पालथा ठेवणं म्हणजे येशूचं तोंड खाली करणं, म्हणून तिने नातवंडांना कितीदा धपाटे घातले होते. तिनेच आता तो पाव झटकन पालथा घातला आणि शिक्क्याची बाजू खाली दाबून धरली.

जिनेव्राने तिचा हात हळूच बाजूला केला. पाव उचलला, चुंबून सरळ ठेवला, आणि त्यातलीच एक फोड तोंडात घातली.

“किती वर्षांनी माहेरची चव मिळाली,” ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे, आणि हसतही होती टवळी!

अदोलोराताने खिशात हात घातला आणि कोंबडा सुनेच्या ताटाशी आपटला.

“खाचेत पीठ राहू देऊ नकोस,” ती खेकसली. “तुम्हा लोकांना भांडी घासायचीही अक्कल नसते.”