कुलूपबंद घरांची यादी

निवृत्तीला आता वर्षच उरलंय. निरोपसमारंभात माझ्याबद्दल कुणी 'मनमिळाऊ' म्हणालं, तर मी तिथल्या तिथे उठून दुरुस्ती करणार आहे. माझ्या इतक्या बदल्या काही मनमिळाऊपणामुळे झालेल्या नाहीत.

शिरूर कासारकडे मी प्रांताधिकारी होते तेव्हाची गोष्ट. रेशनकार्डांची पडताळणी चालली होती. एका वस्तीची यादी माझ्या सहीला आली. प्रत्येक नावापुढे तलाठ्याचा एकच शेरा: 'घर कुलूपबंद. कुटुंब कायम स्थलांतरित.' मी सही केली की ती सगळी नावं रेशनमधून उडणार होती. पडताळणी कधी झाली ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. दिवाळीनंतरचा पंधरवडा. तेव्हा वस्तीवर सापडणार कोण? सगळे ऊसतोडीला गेलेले.

हे मला कुठल्या अहवालातून कळायची गरज नव्हती. माझी आई ऊस तोडायची. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाप गेल्यावर मुकादम आईला 'अर्धा कोयता' म्हणायला लागला, आणि तो शब्द मी अजून त्याला माफ केलेला नाही. निघताना ती दाराला कुलूप घालायची, तीनदा ओढून बघायची आणि चावी काळ्या दोऱ्यात गळ्यात अडकवायची. आत दोन पातेली आणि एक जातं. मला तिचं हसू यायचं.

तलाठ्याला गाडीत घालून मी वस्तीवर गेले. खरंच सगळी दारं बंद होती. एका ओट्यावर म्हातारी बसली होती, गुडघ्यांमुळे मागे राहिलेली.

"तुमी कावून आलाव?" तिने विचारलं.

"हे लोक गाव सोडून गेलेत का, ते बघायला."

तिने आधी माझ्याकडे, मग तलाठ्याकडे पाहिलं. "कुलूप दिसतंय ना? कुलूप हाय म्हंजे माणूस हाय, बाई. कायमचं जायचं आसतं तर छपरावरलं पत्रं आन् चौकट काढून न्हेली आसती. कुलूप कशाला घातलं आसतं?"

मला आईचं ते तीनदा ओढणं आठवलं, आणि आपण हसायचो याची लाज वाटली.

ऑफिसात आल्यावर यादीवर लिहिलं: 'कुलूप हा परत येण्याचा पुरावा आहे. असहमत.' खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन. "मॅडम, हे काय कविता लिहिल्यासारखं लिहिलंय? वरून विचारणा होतेय. शेरा बदला."

"बदलते साहेब. तुम्ही लेखी द्या."

फोन बंद. मग भागातल्या एका पुढाऱ्याने निरोप धाडला की बाईंना इथली हवा मानवत नाही असं दिसतं. मी उलट निरोप दिला, हवा मानवते, माणसं मानवत नाहीत. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याबाबतीत खरं आहे. आठवड्यात बदलीचा आदेश आला आणि त्याच संध्याकाळी सरकारी क्वार्टरची चावी मागितली गेली. दिली. रडले नाही, पण संताप आला होता आणि तो लपवलाही नाही.

माझ्या जागी आलेल्याने ती फाइल तीन महिने दाबून ठेवली. तोंडी सांगणारे पुष्कळ होते, पण माझ्या शेऱ्याखाली आपल्या हाताने उलटं लिहायला कुणी धजलं नाही. नावं रेशनमध्ये तशीच राहिली.

गुढीपाडव्यानंतर एका सकाळी फोन वाजला. तलाठीच होता. म्हणाला, "मॅडम, आजीला बोलायचंय."

"बाई, समदी आली माघारी. कुलपं उघडली. धान्य बी भेटलं. तुमी कुठं हाव?"

"माझी बदली झाली, आजी."

"तुमच्या गावच्या घराला कुलूप हाय का?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घराची चावी माझ्या पर्समध्येच असते, तिच्याच काळ्या दोऱ्यात.

"हाय," मी म्हटलं.