शेवंतीचा डावा पाय

तबेल्यात लीद आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. लीद सकाळी उचलून टाकता येते. किस्से मात्र पाहुणे आले की पुन्हा अंगणभर पसरतात, आणि दर वेळी थोडे जास्तच. मी विचुंब्याच्या या घरात सून म्हणून आले गेल्या मे महिन्यात. घरी शेवंती नावाची पांढरी घोडी आहे. पनवेलपासून उरणपर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेलेत. मी बोलते कमी, त्यामुळे बघून बरंच होतं.

*

पहिला किस्सा माझ्याच गृहप्रवेशाचा. उंबरठ्यावर तांदळाचं माप, समोर आरती घेऊन सासूबाई. मी उजवा पाय उचलला, तेवढ्यात मागून शेवंती अंगणात आली. टापांच्या आवाजात एक टाप दबकी पडत होती. सासऱ्यांनी हात वर केला.

"थांब गो. माप मंग वलांड, आदी तिचा पाय बगू."

सगळं वऱ्हाड घोडीमागे. मी शालूत, एका पायावर. खुरात रुतलेला खडा आकडीनं काढला, खूर धुऊन पुसून झाला, मग विझलेली आरती परत पेटवली. पाठराखीण म्हणून आलेली मावशी माझ्या कानात म्हणाली, "घर प्रेमळ दिसतंय. फक्त तुझा नंबर दुसरा आहे."

*

दिवाळी झाली, लग्नांचा सीझन तोंडावर आला आणि शेवंती एका सकाळी जागची हलेना. पुढचे पाय लांब करून, सगळं अंग मागे टेकून उभी. डावा पाय टेकवतच नव्हती.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "नवी सून आली नि घोडी बसली. पायगुण बगा."

सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "सून आली मे महिन्यात. पायगुणाची गाडी चुकली वाटतं."

त्या दिवसापासून मी त्यांचा चहा जरा जास्त गोड करते.

*

डॉक्टर मॅडम आल्या. खुरावर हात ठेवून म्हणाल्या, "गरम लागतोय. आत सूज आहे. हिला खायला काय काय देता?"

सासरे म्हणाले, "वैरण. नि रोज थोडा गूळ."

सासूबाई चमकल्या. "तुमी गूळ देता? मी देते की गूळ. नि रातच्या भाकऱ्या."

निलेश, म्हणजे माझा नवरा, खाली बघत म्हणाला, "मी चणे देतो. थोडेच." मग कुंपणापलीकडून काकूंनीही लाडवांची कबुली दिली. शिवाय दर लग्नात वरमाई भरवते ते वेगळंच.

मॅडमनी पेन खिशात ठेवलं. "घोडी आहे की केळवणं चाललीत हिची? अहो, एवढं गोडधोड आणि धान्य घोड्याच्या थेट खुरात उतरतं. आता फक्त सुकं गवत. दुसरं काही नाही."

मग विचारलं, "या घरात हिला काहीच न देणारं कोण आहे?"

मी हात वर केला. मला तिची भीती वाटायची, एवढंच कारण होतं. पण त्या दिवसापासून तबेल्याची किल्ली माझ्याकडे आली.

*

खूर थंड ठेवायचे होते. निलेश मासळीबाजारातून बर्फ घेऊन आला. शेवंतीनं बादलीवर नाक नेलं आणि निलेशकडे असं बघितलं, जणू त्या वासाचे बोंबील त्यानंच पकडलेत.

पायाखाली मऊ हवं, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. भाताचा पेंढा पसरला, तरी फोमचे तुकडे लागत होते. घरात जाड फोम एकच होता, माझ्या माहेरहून आलेली गादी. निलेशनं माझ्याकडे पाहिलं. मी कात्री दिली.

संध्याकाळी डोंबिवलीहून आईचा फोन. "गादी बरी आहे ना गं? झोप लागते?"

"हो. छान लागते."

"पाठ नाही ना दुखत?"

"नाही. उभ्यानेच झोपते ती."

आईनं फोन ठेवला आणि लगेच निलेशला लावला.

*

नाल ठोकणारे सलीमचाचा पनवेलहून आले. जुने नाल काढले, वाढलेला खूर पुढून कमी केला आणि निलेशला बजावलं, "बेटा, रोज फोटो भेजना. समोरून पण, बाजूने पण."

निलेशनं इमानानं पाठवले. पुढे एका हळदीत त्याच्या आत्यांनी आमचे फिरायला गेल्याचे फोटो मागितले. दोन समुद्राचे झाले आणि पुढे नुसते खूर.

"हा कोणाचा पाय रे?"

"पुढचा डावा," निलेश अभिमानानं म्हणाला. "हनिमूननंतरचा."

*

सूज उतरली. मॅडम म्हणाल्या, आता चालवा. पण शेवंती पाऊल टाकेना. दुखणं गेलं, धास्ती राहिली. सासरे रोज कासरा धरून उभे राहायचे, ती रोज नुसती त्यांच्याकडे बघायची. शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "उरणचा व्यापारी मागतोय. देऊन टाकू. आशी उबी बगवत नाय." त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवलं नाही.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. फळी लावली. त्यानं ओढलं, चुचकारलं, मागून ढकललं. शेवंती खांबासारखी. त्यानं डावा पाय उचलायला वाकून जोर लावला, तर तो जमिनीला चिकटल्यासारखा. घामाघूम होऊन त्यानं फळी काढली.

"ही काय कामाची नाय, शेठ. हिला ठेवा तुमच्याकडंच."

टेम्पो वळणाआड गेला. आम्ही चौघं अंगणातच उभे होतो. शेवंतीनं मान झटकली, डावा पाय उचलला, टेकवला, आणि सावकाश, सरळ, सगळं अंगण ओलांडून पलीकडच्या टोकाला गेली.

सासऱ्यांचा फोन वाजला. व्यापारीच होता. नाक्यावर माणसं मिळतायत, परत येऊन एकदा उचलून बघू का, विचारत होता.

सासरे शेवंतीकडे बघत राहिले.

"नको रे," ते म्हणाले. "जागची हालत नाय ती."

तेव्हा ती सासूबाईंची जास्वंद खात होती.