सिग्माचे शिक्के

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा खुर्ची नव्हती. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर, आई घरी शिलाईला. त्यामुळे सुताच्या खोक्यावर जुना कॉम्प्युटर आणि पुढ्यात पाटावर घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणजे मी! शिकवणीवाल्यांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचो. प्रत्येक चिन्ह मेनूत शोधायचा कंटाळा, म्हणून मी माझे शॉर्टकट बसवले. कंट्रोल-पी दाबलं की गणितातला पाय (π), कंट्रोल-एस दाबलं की बेरजेचा सिग्मा (Σ). (मुळात कंट्रोल-एसनं फाइल सेव्ह होते. पण मी माउसनं सेव्ह करायचो, मला काय फरक!)

फरक पडला धाकट्या बहिणीला. सुनीताचा बी.ए.चा प्रकल्प दुसऱ्या दिवशी कॉलेजात द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. मी ऐटीत बजावलं, "दर चार ओळींनी कंट्रोल-एस दाबायचं. विसरलीस तर माझ्याकडं रडत यायचं नाही!" आणि कामाला निघून गेलो.

दुपारी परतलो तर पानभर सिग्मा!

"हे काय गं?"

"सेव्ह झाल्याच्या खुणा, दादा. मला आधी शंका आली, पण अण्णा म्हणाले..."

"मग! माल तपासून झाला की आमी शिक्का मारतो की," दुपारपाळीला निघालेले अण्णा म्हणाले. "तुजं मशीन लई इमानदार हाय. एकदाबी चुकलं न्हाय!"

"मी तर दोन-दोनदा दाबलं," सुनीता म्हणाली. "पक्कं व्हावं म्हणून."

मी माउसवर झेप घेतली. तेवढ्यात लाइट गेली, आणि सकाळपासूनचं टाइपिंगही!

(आपोआप सेव्ह व्हायची सोय? तीही मीच बंद केली होती. मशीन हळू चालतं म्हणून!)

सुनीता रडली नाही. आपले कच्चे कागद गोळा करायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

आई शांतपणे म्हणाली, "शिकलेला हाय न्हवं त्यो? मग जरा लांब बसवा त्याला."

लाइट आल्यावर अण्णा पाळी बुडवून बसले आणि सुनीताचे कच्चे कागद अक्षर-अक्षर लावत वाचत गेले. सुनीता टाइप करत गेली, आई चहा देत गेली. सेव्ह करण्यापुरतं मला माउसजवळ येऊ देत होते. दिवेलागणीला प्रकल्प पुरा झाला. बुडालेल्या पाळीबद्दल अण्णांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

प्रकल्पात आभाराचं पान होतं. अण्णांचे, आईचे, कॉलेजातल्या बाईंचे आभार. शेवटी माझेही: "दादाचे, वेळेवर बाजूला झाल्याबद्दल."

सुनीता बी.ए. झाली. पहिल्या वर्गात.